खिळे ठोकलेली बोमाची मूर्ती : पार्श्वभूमी

काँगो नदीच्या मुखाजवळच्या बोमा, लोआंगो, काबिंडा या पट्ट्यातल्या मूर्तींचे फोटो बहुतेकांनी बघितलेत, अंगभर खिळे, पोटावर काच. पण लाकूड कोरलं म्हणून ते न्किसी, म्हणजे शक्ती भरलेली मूर्ती, होत नाही. कारागीर मूर्ती घडवतो, मग न्गांगा, म्हणजे विधी जाणणारा माणूस, तिच्या पोटातल्या नाहीतर डोक्यातल्या पोकळीत बिलोंगो भरतो, त्यात कबरीवरची माती, पांढरी माती, झाडपाला वगैरे, आणि वरून राळ लावून तोंड बंद करतो. मग मृतांच्या जगातली शक्ती तिच्यात येते. आणि खिळे हे कोणाला दुखवायला नाहीत हो, सिनेमावाल्यांनी उगाच घोळ घातलाय! भांडण मिटलं, शपथ घेतली, करार ठरला की एक खिळा किंवा पातं ठोकायचं, शब्द मोडणाऱ्याला ती हुडकून काढणार. म्हणजे देव कमी आणि गावचं कोर्ट जास्त.

पोर्तुगीज १४८० च्या दशकात आले, १४९१ मध्ये काँगोच्या राजाचा बाप्तिस्मा झाला, पुढच्या राजाने मूर्ती जाळल्या, तरी प्रथा टिकली. आज म्युझियममध्ये दिसतात त्यातल्या बऱ्याचशा १९व्या शतकातल्या आहेत.

खरा वाद आहे तो १८७८ चा. व्यापाराच्या हक्कांवरून युरोपियन व्यापारी आणि बोमाचे राजे यांच्यात जुंपली, हल्ला झाला, लोक पळाले, आणि एका बेल्जियन व्यापाऱ्याने तिथली मूर्ती उचलली. प्रमुखाने ती परत मागितली तर सरळ नकार, कारण ती ओलीस ठेवली की हे लोक दबून राहतील हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तिच्या ताकदीवर गावाइतकाच भरवसा त्यालाही होता म्हणायचा! पुढे ती ब्रुसेल्सजवळ टेरव्यूरेनच्या म्युझियममध्ये गेली आणि तिथेच राहिली.

१९७३ मध्ये तेव्हाच्या झैरेच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, राष्ट्राध्यक्षांनी थेट संयुक्त राष्ट्रांत वस्तू परत मागितल्या. १९७६ ते १९८२ मध्ये शंभरावर वस्तू बेल्जियमहून परत गेल्या खऱ्या, पण त्यातल्या बऱ्याच टेरव्यूरेनच्या स्वतःच्या संग्रहातल्या नव्हत्याच, आणि काही नंतर चोरीला जाऊन बाजारात आल्या, आणि हेच कारण पुढे कितीतरी वर्षं "बघा, दिलं तर काय होतं" म्हणून सांगितलं गेलं.

२०२२ मध्ये बेल्जियमच्या राजाने काँगोच्या राजधानीत, किन्शासात, एक मोठा मुखवटा नेऊन दिला, पण बेमुदत उसना! मालकी काही सोडली नाही. त्याच वर्षी वस्तू परत करण्याचा कायदाही झाला, गाजावाजा भरपूर, फक्त तो १८८५ पासून, म्हणजे काँगो बेल्जियमच्या तेव्हाच्या राजाची खासगी मालमत्ता झाली तिथून पुढचा काळ धरतो. बोमाची मूर्ती नेली १८७८ ला. ज्या वस्तूची लूट सगळ्यात स्पष्ट लिहून ठेवलेली आहे तीच सात वर्षांच्या फरकाने कायद्याबाहेर, मुद्दाम केलं की अनवधानाने झालं यावर दोन मतं आहेत, पण त्या प्रमुखाच्या वारसांना दोन्हीचा अर्थ सारखाच.