किनाऱ्यावरचं कणीस, घाटावरचा बटाटा

पाऊस जरा उघडला की गुहागरच्या किनाऱ्यावर कणसं भाजणारी मावशी शेगडी पेटवते. हातपंख्याने निखारे फुलवायचे, कणीस फिरवत राहायचं, दाण्यांवर काळे ठिपके आले की अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून वरपासून खालपर्यंत चोळायचं. शेजारच्या टपरीवर वडे तळत असतात. आमच्या घरात इथे दरवेळी दोन तट पडतात. कणीसवाल्यांचं म्हणणं ठरलेलं : कणीस पौष्टिक, वड्यात काय, नुसता बटाटा!

मला हा बटाट्यावर अन्याय वाटतो. तळणीच्या तेलाचं खापर आपण त्याच्या डोक्यावर फोडतो. सालासकट उकडलेल्या 100 ग्रॅम बटाट्यात साधारण 87 कॅलरी असतात आणि उकडलेल्या स्वीट कॉर्नच्या तेवढ्याच दाण्यांत 96. पिष्टमय पदार्थ दोन्हींत जवळपास सारखे, विसाच्या आसपास ग्रॅम. पुढे मात्र वाटा फुटतात. मक्यात प्रथिने 3.4 ग्रॅम, बटाट्यात 1.9. चोथाही मक्यात थोडा जास्त, आणि पिवळ्या दाण्यांत डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटीन आणि झिॲझँथिन ही रंगद्रव्यं असतात. बटाट्याची बाजू पोटॅशियमची : सुमारे 380 मिलिग्रॅम, मक्यात 220च्या आतबाहेर. क जीवनसत्त्वही बटाट्यात दुपटीहून जास्त, 13 मिलिग्रॅम. ते टिकवायचं तर बटाटा सोलून, फोडी करून उकडू नये. निम्मं पाण्यात उतरतं आणि ते पाणी मोरीत जातं.

मक्याच्या पिठाच्या पाकिटावर 360 कॅलरी वाचून कुणी दचकतं. तो सुका मका. कोवळ्या कणसात तीन चतुर्थांश पाणीच असतं, त्यामुळे ओल्याची तुलना सुक्याशी करून भागत नाही.

प्रथिनांचा आकडाही नुसता बघून चालत नाही. मक्याचं मुख्य प्रथिन झेइन. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, तुटपुंजी. बटाट्यात प्रथिन कमी, पण जे आहे ते चांगल्या प्रतीचं. शिवाय मक्यातलं नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असं जखडलेलं असतं की आतड्याला ते सहज सुटत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच गुजराण करणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने पेलाग्रा हा रोग होई : कातडी सोलपटायची, जुलाब लागायचे, बुद्धी भ्रमायची. लोक त्याला संसर्गजन्य रोग समजत. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने 1915 साली मिसिसिपीतल्या एका तुरुंगशेतीवर स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना मुख्यतः मक्याचा निकृष्ट आहार देऊन दाखवलं, की दोष ताटात आहे. मेक्सिकोतले लोक मात्र पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले. त्याने नायसिन मोकळं होतं. आपण चुना पानाला लावतो, त्यांनी मक्याला लावला.

आपल्याला त्याची धास्ती नको, कारण कोकणात मका चार घटकेची मौज, पोटाला भात. आणि ज्या लायसिनची मक्यात वाण आहे, ते वालाच्या बिरड्यात नि कुळथाच्या पिठीत भरपूर.

गंमत म्हणजे किनाऱ्यावरचे हे दोघेही उपरेच. मूळचे दोघे अमेरिका खंडाचे. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला. आमच्या बाजारातला बटाटा घाट उतरून येतो, बराचसा मंचर-खेडच्या बाजूने. ओल्या हवेत त्याला पटापट कोंब फुटतात, उजेडात साल हिरवी पडते. हिरवा भाग खोलवर कापून टाकावा, फार पसरला असेल तर बटाटाच फेकावा. त्यातलं सोलानिन हे विषारी द्रव्य उकडून जात नाही.

कणसावरच्या लिंबाने क जीवनसत्त्वाची तूट भरून निघत असेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. हिशेब केला तेव्हा कळलं, चमचाभर रसातून जेमतेम दोनेक मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे ते लिंबू चवीसाठीच. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग चोळू की नको?”

चोळ म्हटलं.