स्फुरद नाही की स्फुरद अडकलंय? मक्याच्या जांभळ्या पानामागच्या दोन जमिनी

मक्याची रोपं लहान असतानाच खालची पानं टोकाकडून, कडेने जांभळी पडू लागतात आणि वाढ खुंटते. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलंय हे निदान बहुधा बरोबर असतं, पण तेवढ्यावर उपाय ठरत नाही. जमिनीत स्फुरद मुळातच नसणं आणि दिलेलं स्फुरद जमिनीने धरून ठेवणं, ही दोन्ही दुखणी पानावर सारखीच दिसतात. (गारठ्यातही रोपं जांभळी होतात. ऊब येताच हिरवी झाली, तर खत वाढवू नका.)

पहिली जमीन हलकी, रेताड, सेंद्रिय पदार्थ कमी असलेली. इथे दिलेलं खत बरंचसं पिकाच्या कामी येतं. एक टन दाण्याबरोबर साधारण 6 किलो स्फुरद (पी2ओ5, म्हणजे खताच्या पोत्यावर मोजतात त्या रूपात) शेताबाहेर जातं. दर हंगामाला त्याहून थोडं जास्त दिलं की माती परीक्षणाचा आकडा हळूहळू चढतो.

दुसऱ्या जमिनीत वर्षानुवर्षं खत देऊनही आकडा जागचा हलत नाही, आणि हीच तिची खूण. आम्लधर्मी लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम, चुनखडीच्या मातीत कॅल्शियम स्फुरदाला बांधून टाकतं. खत फेकून मातीत कालवलं की त्याचा मातीशी संबंध वाढतो, म्हणजे अडकणंही वाढतं. म्हणून ते पेरतानाच ओळीत, बियाण्याच्या बाजूला 5 सेंमी आणि 5 सेंमी खाली पडायला हवं. पहिल्या जमिनीतही याचा फायदा होतो, पण इथे त्यावाचून भागत नाही. स्फुरद मातीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतं, त्यामुळे उभ्या पिकात वरून टाकलेलं मुळांपर्यंत पोचतच नाही.

हिशेब असा: हेक्टरी 60 किलो स्फुरद द्यायचं, तर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) 130 किलो किंवा सिंगल सुपर फॉस्फेट 375 किलो लागतं. दोन ओळींत 60 सेंमी अंतर असेल, तर मीटरभर ओळीला डीएपी 8 ग्रॅम, सुपर साडेबावीस ग्रॅम. एकदा वजन करून एखाद्या झाकणावर खूण करून ठेवा. डीएपी बियाण्याला चिकटून पडलं तर त्यातून सुटणाऱ्या अमोनियाने कोंब जळतो.

मातीचा सामू (पीएच) 5.5 च्या खाली असेल तर पेरणीच्या काही आठवडे आधी चुना द्या, पण सुपरमध्ये मिसळून नको. रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी, हेही अशाच आम्ल मातीत विरघळतं. चुनखडीच्या जमिनीत ते वाया जातं. तपासणी आम्ल मातीची ब्रे पद्धतीने आणि चुनखडीच्या मातीची ओल्सेन पद्धतीने करून घ्या. पद्धत चुकली की आकडाच फसवतो.

आणि अडकणाऱ्या जमिनीचा भारी डोस पहिल्या जमिनीत देऊ नका. तिथे जस्ताची उपलब्धता घटते आणि कोवळ्या पानांच्या बुडाशी, मधल्या शिरेलगत, फिकट पांढरे पट्टे उमटतात.