हवा कमी की यंत्रणा बिघडलेली? टायरचा दिवा नीट बघा

घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह, असा तो पिवळा दिवा डॅशबोर्डवर लागला की आपल्याकडे उपाय एकच. पंक्चरवाल्याकडे जायचं आणि चारही चाकांत 35 मारायची. दिवा गेला तर उत्तम, नाही गेला तर 'सेन्सरच बोगस' म्हणून मोकळं व्हायचं. गाडी विकेपर्यंत दिवा तसाच.

हवा कमी झाल्याचा दिवा सगळ्यांना माहीत आहे. तो लागतो आणि लागूनच राहतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की तो उशिरा लागतो. अमेरिकेतल्या नियमानुसार हवा ठरलेल्या दाबाच्या 25 टक्के खाली गेली की इशारा मिळाला पाहिजे, म्हणजे 33 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचं एकक) ठरलेल्या चाकात जवळपास 25 उरल्यावर. पहाटे गारठ्यात लागून दुपारी विझणारा दिवाही बिघडलेला नसतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरलं की दाब दीड-दोन पीएसआयने उतरतो, आणि हवा मुळात काठावर असली की तेवढं पुरतं.

खरा घोळ दुसऱ्या इशाऱ्याचा. हवा मोजणारी यंत्रणाच बिघडली असेल तर बऱ्याच गाड्यांत तोच दिवा आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की पुन्हा तेच. आपण तेवढ्या वेळात सीटबेल्ट लावतो, आरसा नीट करतो, फोन अडकवतो. मान वर करेपर्यंत दिवा स्थिर झालेला असतो, हुबेहूब हवा कमी झाल्यासारखा. मग हवा भरत बसतो आणि दिवा काही जात नाही. म्हणून संशय आला की गाडी उभी करा, बंद करा, चालू करा आणि दोन मिनिटं फक्त त्या दिव्याकडे बघा. पहिले काही सेकंद सगळेच दिवे लागतात, ते सोडून द्या.

लुकलुकला तर हवेचा प्रश्न नाही. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं चालते, आणि ती संपली की बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. टायर उतरवताना पहारीने तो तुटलेला असू शकतो, नवा बसवला पण गाडीला ओळखवला नाही असंही होतं. पंक्चरनंतर बिनसेन्सरची स्टेपनी लावलेली असते, हे तर हमखास. तोवर हवा गेली तरी दिवा सांगेलच याची खात्री नाही, तेव्हा गेज घेऊन स्वतः मोजा. टायर थंड असताना, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो बघून हवा भरणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांचा वेग मोजतात आणि त्यातल्या फरकावरून गाडी हवेचा अंदाज बांधते. तिथे दिवा घालवायला आधी रीसेट दाबू नका. कमी हवेवर रीसेट केलं की गाडी तीच हवा बरोबर धरून बसते. आधी हवा, मग रीसेट.