उंदीर सगळ्यांना दिसत होते

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी काही रुग्ण तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे जाहीर केले. मूळचे गोव्याचे असलेल्या या डॉक्टरांचा पुतळा आजही धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर आहे. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. माणसे आजारी पडण्याआधी तिथे उंदीर मरू लागले होते. ही काही गुप्त गोष्ट नव्हती. तरीही उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी अधिकृतपणे मान्य व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागली. मधल्या काळात सरकारने जे जे केले, ते एका गृहीतकावर उभे होते.

प्लेगचा जंतू तेव्हा सापडलेला होता. 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिन यांनी तो दाखवला. पण जंतू सापडला म्हणून जुनी समजूत गेली नाही, तिने जंतूला फक्त आपल्या घरात जागा दिली. रोग घाणीतून, ओलसर जमिनीतून, कोंदट हवेतून येतो असे आरोग्य खाते आधी मानत होते. आता जंतू घाणीत आणि जमिनीत राहतो असे मानू लागले. मग उपायही तसेच. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. मेलेल्या उंदरांचेही स्पष्टीकरण तयार होते. उंदराचे नाक जमिनीजवळ, म्हणून जमिनीतले विष आधी त्याला बाधते! एकदा चौकट पक्की झाली की विरोधातला पुरावासुद्धा तिच्यात कसा मुकाट्याने बसतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याची कारकीर्द आपण 22 जून 1897 ला त्याच्यावर झालेल्या गोळीबारामुळे लक्षात ठेवतो. सोल्जरांची घरझडती, बायकांची विटंबना, देवघरात शिरलेले बूट हे सगळे बरोबरच सांगितले जाते. क्वचित सांगितले जाते ते हे, की त्या झडतीमागचे वैद्यकीय कारणही कच्चे होते. लपवलेला रुग्ण शोधून हलवला की साथ थांबेल, हा त्यामागचा तर्क. पण गाठीचा प्लेग एका माणसाकडून शेजारच्याला सहसा थेट होत नाही. फुफ्फुसांचा प्लेग होतो, त्याची गोष्ट वेगळी. रुग्णांना हात लावणारे इस्पितळातले लोक फारसे आजारी पडत नाहीत, हे तेव्हाही डॉक्टरांच्या नजरेस आले होते.

वेगळा प्रश्न विचारला तो पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने. रोग कुठे राहतो, हा प्रश्न बाजूला ठेवून त्याने घटनांचा क्रम पाहिला. लोकरीच्या एका कारखान्यात मेलेले उंदीर उचलायला 20 मजूर लावले होते, तीन दिवसांत त्यांतल्या 10 जणांना प्लेग झाला. उंदीर न उचललेले कामगार ठीक होते. शिवाय नुकताच मेलेला उंदीर घातक ठरत होता, बराच वेळ थंड पडून राहिलेला नाही. मग उंदीर थंड झाल्यावर त्याच्या अंगावरून काय निघून जाते? जून 1898 मध्ये कराचीत त्याने एका बरणीत आजारी उंदीर पिसवांसह ठेवला. जाळीपलीकडे निरोगी उंदीर होता. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला.

प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग आयोगाने हा पुरावा अपुरा ठरवला. युरोपातल्या शास्त्रज्ञांनीही उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही असे सांगितले. ते अगदीच खोटे बोलत नव्हते. त्यांनी पाहिलेल्या जाती वेगळ्या होत्या, मुंबईच्या उंदरावरची पिसू माणसालाही चावणारी होती.

मुंबईत कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी ते सिद्ध करत आणले. राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांवरच्या पिसवा सापडल्या. मग जिथे उंदीर मेले होते अशा एका इमारतीतल्या माणसांच्या अंगावरही त्याच पिसवा मिळाल्या. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, नव्या आयोगाने काटेकोर प्रयोग केले. पिसवा नसताना आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले तरी रोग पसरला नाही. पिसू उडी मारून पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेला गिनीपिग वाचला, जमिनीवरचा मेला.

खेड्यांत लोक मात्र उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायचे. पिसू त्यांना ठाऊक नव्हती, पण उपाय लागू पडत होता. या अनुभवाकडे ज्ञान म्हणून कुणी वेळेवर पाहिले असते, तर कदाचित बरेच जीव वाचले असते. पहिल्या काही दशकांत भारतात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे गेली.

याला एक शेपूटही आहे. मुंबईत सिद्ध झालेले उंदीर-पिसवांचे चित्र इतिहासकारांनी पुढे चौदाव्या शतकातल्या युरोपच्या महामारीलाही जसेच्या तसे लावले. 2018 मध्ये ऑस्लो विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या नऊ जुन्या साथींमधले मृत्यूंचे आकडे तपासले. त्यांपैकी सात ठिकाणी माणसाच्याच अंगावरच्या उवा-पिसवांचे गणित उंदरांपेक्षा चांगले जुळले. त्यावर वाद अजून चालू आहे.