ऑफ-व्हाइट की आयव्हरी?

शेड कार्डावरच्या बोटभर पट्ट्यांत दोन्ही सारखेच दिसतात आणि दुकानदार 'उन्नीस-बीसचा फरक' म्हणून मोकळा होतो. भिंतीवर चढल्यावर हा फरक चांगलाच डोळ्यात भरतो.

आयव्हरीत पिवळा असतोच. ऑफ-व्हाइट मात्र मुळात एक रंग नव्हेच. पांढऱ्यात किंचित काळा, पिवळा किंवा तपकिरी पडला की ते नाव लागतं, त्यामुळे एका कंपनीचा ऑफ-व्हाइट राखाडीकडे झुकतो, तर दुसऱ्या कंपनीचा गुलाबीकडे. पट्टी कोऱ्या कागदाशेजारी धरा, आतला रंग लगेच कळतो. आणि काउंटरवर आडवी ठेवून नव्हे, भिंतीसारखी उभी धरून बघा.

खरा निकाल उजेड लावतो. उत्तरेच्या किंवा डक्टकडच्या खिडकीतून येणारा उजेड थंड, निळसर. तिथे राखाडी झाकेचा ऑफ-व्हाइट भर दुपारी उदास दिसतो. अशा खोलीला मी डोळे झाकून आयव्हरी सांगेन. पश्चिमेच्या हॉलमध्ये उलटं. चारनंतरच्या उन्हात आयव्हरी लोण्यासारखा पिवळा होतो, शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, त्यामुळे पट्टीपेक्षा खोली जास्तच पिवळी वाटते. तिथे ऑफ-व्हाइट बरा. रात्रीचा हिशेब वेगळा: ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली आयव्हरीची ऊब जाते, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली ऑफ-व्हाइटही क्रीम वाटू लागतो. म्हणजे दिवे आधी ठरवा, रंग मग.

सागवानी दारं किंवा पिवळसर टाइल्स असतील तर आयव्हरी जुळून येतो. राखाडी व्हिट्रिफाइड फरशीवर तोच जुनाट दिसतो. छत पांढरंशुभ्र ठेवणार असाल तर त्याच्याखाली आयव्हरीचा पिवळेपणा आणखी उठून दिसेल.

नमुना थेट जुन्या भिंतीवर लावू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. दोन-अडीच फुटी हार्डबोर्डला प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि तो बोर्ड सकाळ-संध्याकाळ वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघायचा. 'वाळला की उजळेल' असं रंगारी म्हणेल. ते चुन्याच्या बाबतीत खरं. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग, वाळल्यावर बहुधा किंचित गडदच होतं.

ठरला की डब्यावरचा शेडचा कोड आणि बॅच नंबर यांचा फोटो काढून ठेवा. पुढच्या टचअपला नुसतं 'ऑफ-व्हाइट द्या' म्हणालात, तर भलताच डबा घरी येईल.