पिवळ्याधमक गेकोमागचं जनुक

नांदेडच्या एका कॉलेजकुमाराने विचारलंय, लेपर्ड गेको पाळायचाय, दुकानातून घेऊ की ब्रीडरकडून? घरच्यांचा सवाल वेगळाच आहे: पैसे मोजून पाल आणायची? पाल अंगावर पडली की पंचांगात पल्लीपतनाचं फळ बघणाऱ्यांचं चुकलं तरी काय म्हणा! तर हा गेको विषारी नाही. बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसल्याने तो भिंतीवर चढत नाही आणि त्याला चक्क पापण्या असतात.

घ्यायचाच तर ब्रीडरकडून घ्यावा. दुकानात बऱ्याचदा ठिकठिकाणची पिल्लं एकाच काचेच्या पेटीत कोंबलेली असतात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी विष्ठेवाटे एकाकडून सगळ्यांना लागतो आणि साध्या जंतुनाशकाला दाद देत नाही. गेको चरबी शेपटीत साठवतो, त्यामुळे आजारी जनावराची शेपूट काडीसारखी वाळते. घेताना आधी शेपूट बघा, मग बोटं. कात अडकून बोटाची टोकं झडलेली असतात.

पण ब्रीडरकडचा म्हणजे निरोगीच, हे मात्र खोटं. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा झळाळता पिवळा प्रकार एका ब्रीडरकडेच अचानक झालेल्या उत्परिवर्तनातून आला. गेकोच्या कातडीत इरिडोफोर नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात रंगद्रव्य नसतं, ग्वानिनचे स्फटिक असतात. डीएनएच्या चार अक्षरांतलं ‘जी’ ते हेच. स्फटिकांवरून प्रकाश परततो, कातडी पांढरी दिसते आणि तिच्यावरचा पिवळा उठून दिसतो. लेमन फ्रॉस्टमध्ये या पेशी बेसुमार वाढतात. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा माग स्पिंट१ या जनुकापर्यंत काढला. या जनुकापासून बनणारं प्रथिन काही प्रोटिएज विकरांना, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या रसायनांना, आवर घालतं. जनुकाची एक प्रत बिघडली की हे प्रथिन कमी पडतं, विकर मोकाट सुटतात आणि इरिडोफोरची वाढ थांबत नाही. सुरुवातीला ती झळाळी म्हणून दिसते, पुढे तिच्याच गाठी होतात. एक बिघडलेली प्रत असलेल्या ८० टक्क्यांहून जास्त गेकोंना सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात अशा गाठी झाल्या. दोन्ही प्रती बिघडल्या तर सगळी कातडीच जाड होते.

म्हणजे रंग आणि गाठ यांचं मूळ एकच. त्यामुळे ‘आमच्या लाइनमध्ये (वंशात) गाठी येत नाहीत’ ही जाहिरात पालीच्या शकुनाइतकीच भरवशाची!

दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघून पुढे गाठी होतील का, हे कळत नाही. म्हणून ब्रीडरकडे आई-बाप दाखवा म्हणावं, तेही तीन-चार वर्षांचे, आणि त्यांना उचलून पोटाची पांढरी कातडी नीट बघावी. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरा ब्रीडर शोधावा. आणि हो, सोबत गळ्यात मारलेली हीटिंग मॅट आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४२ वर असताना, चालू करू नये. तेव्हा गेकोला हवा असतो ओलसर, गार आडोसा.