मेरुरज्जूची दुखापत आणि त्यातून सावरणे

नारळ पाडणारा पाडेली माडावरून कोसळतो, पावसात दुचाकी घसरते, उथळ पाण्यात कोणी डोक्यावर सूर मारतो. गोव्यात या दुखापतीच्या अशा कहाण्या घरोघरी ठाऊक आहेत. मणका मोडणे वेगळे आणि मणक्यांच्या पोकळीतला मेरुरज्जू दुखावणे वेगळे. हाड जुळून येते, पण रज्जूतले तुटलेले तंतू पुन्हा सहसा जुळत नाहीत. सुधारणा होते ती मुख्यतः वाचलेल्या तंतूंच्या जोरावर, म्हणून किती तंतू वाचले हे शोधणे हाच सगळ्या अंदाजांचा पाया.

नातेवाईक पहिल्याच रात्री विचारतात, ‘परत चालेल ना?’ त्या घटकेला खरे उत्तर देता येत नाही. दुखापतीनंतर काही काळ रज्जू जणू बधिर होऊन बसतो आणि शाबूत भागही गप्प राहतो. म्हणून साधारण ७२ तासांनी केलेली तपासणी अधिक भरवशाची मानतात.

या तपासणीला यंत्र लागत नाही. कापूस, टाचणी आणि डॉक्टरांचा हात पुरतो. शरीराच्या प्रत्येक बाजूला दहा प्रमुख स्नायूंना ० ते ५ गुण देतात. सगळे धड असतील तर बेरीज १०० भरते. प्रत्येक बाजूच्या २८ ठिकाणी स्पर्श आणि टोचणी कळते का ते पाहतात. शेवटी गुदद्वाराभोवती टाचणी लावतात आणि आत बोट घालून रुग्णाला आवळायला सांगतात. रुग्ण संकोचतो, घरच्यांनाही अवघडल्यासारखे होते. पण सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची. तिथली संवेदना मेंदूपर्यंत पोहोचत असेल, तर जखमेच्या जागेतून काही तंतू शाबूत गेले आहेत. अशी दुखापत अपूर्ण ठरते. पूर्ण दुखापतीला ‘ए’ श्रेणी, तर तपासणीत सर्व काही सामान्य असेल तर ‘ई’. ‘ए’मधले बहुतेक रुग्ण पुढेही ‘ए’मध्येच राहतात, तर इजेखालच्या निम्म्या किंवा अधिक स्नायूंत बऱ्यापैकी ताकद उरलेल्या ‘डी’मधले बहुतेक चालू लागतात. ‘बी’मध्ये हालचाल नसते, पण इजेखालच्या भागात टाचणी टोचल्याचे कळत असेल तर आशेला जागा असते.

२०११ साली युरोपातील रुग्णांच्या नोंदींवरून चालण्याचा अंदाज बांधणारे एक सूत्र पुढे आले. त्यात वय ६५च्या आत की पुढे, मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंची ताकद आणि पायावरच्या दोन ठिकाणी हलका स्पर्श कळतो का, एवढेच विचारात घेतले जाते. एमआरआयमध्ये रज्जूत रक्तस्राव दिसणे हे वाईट लक्षण.

सुधारणेची सुरुवात मात्र अपघाताच्या जागीच होते. माडाखाली पडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलणे, रिक्षात बसवणे हे घातक आहे. मान-पाठ हलू न देता थांबावे आणि १०८ला फोन करावा. रज्जूवरचा दाब शक्यतो २४ तासांच्या आत काढावा, असे आता मानतात. म्हणून काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापर्यंत) पोहोचायला लागणारा वेळही उपचाराचाच भाग धरायला हवा. रक्तदाब पडू न देणे तितकेच महत्त्वाचे.

हालचालीतली बरीचशी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वेग मंदावतो. मानेच्या दुखापतीत एक पातळी, म्हणजे वरून खाली मोजलेला रज्जूचा एक टप्पा, परत मिळणेही मोठी कमाई असते. सहाव्या पातळीवर मनगट वर उचलता येते आणि त्या ओढीने बोटे मिटून पेला धरता येतो. सातवी पातळी हाती आली की कोपर सरळ करण्याचे बळ मिळते, आणि हातांवर भार देऊन पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकता येते. कोणी उचलण्याची वाट पाहणारा माणूस आणि स्वतः सरकणारा माणूस यांत एका पातळीचेच अंतर! मूळपेशींच्या इंजेक्शनांनी मात्र असा फायदा होतो हे सिद्ध झालेले नाही. त्यासाठी घर-जमीन गहाण टाकू नये, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

मिळवलेले गमावते ते बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने. दर दोन तासांनी कूस बदलणे, ठरल्या वेळी स्वच्छ नळीने लघवी काढणे ही कामे घरच्यांनी रुग्णालयातच शिकून घ्यावीत. छातीच्या सहाव्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल, तर तुंबलेल्या लघवीनेही रक्तदाब अचानक भडकतो आणि डोके ठणकू लागते. अशा वेळी आधी रुग्णाला बसते करून नळी तपासावी. उंच पातळीच्या दुखापतीत इजेखाली घाम नीट येत नाही, त्यामुळे मे महिन्यातल्या उकाड्यात अंग तापते. पंखा आणि ओला कपडा हाताशी ठेवावा.

घरी परतताना पहिली अडचण उंबऱ्याबाहेरच असते. गोव्यातल्या जुन्या घरांच्या सोप्यावर जायला पायऱ्या चढाव्या लागतात. दीड फूट उंच जोत्यासाठी खुर्ची सुरक्षित चढायला अठरा फूट लांब उतार लागतो. तो अंगणात कुठे वळवायचा, तुळशीवृंदावनाच्या कोणत्या बाजूने न्यायचा, हे रुग्ण अजून वॉर्डात असतानाच गवंड्याला बोलावून ठरवलेले बरे.